वाचनालयाचा कडेकोट बंदोबस्त

ज्या माणसाला स्वतःचा चष्मा कुठे आहे हे बायकोला विचारावं लागतं, त्याच्या हाती गावाच्या संगणकांची सुरक्षा सोपवू नये. हे साधं तत्त्व आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला कुणी शिकवलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ओरोसच्या त्या शिबिरात हे तत्त्व नव्हतं. बाकी सगळी होती.

शिबिराचं नाव 'ग्रंथालयांसाठी संगणक-जाळ्याची सुरक्षा : मूलतत्त्वे'. प्रत्येक वाचनालयानं एक प्रतिनिधी पाठवायचा होता. कार्यकारिणीच्या ज्या सभेला मी गैरहजर होतो, नेमक्या त्याच सभेत माझी एकमतानं निवड झाली. सभेला न जाणं किती धोक्याचं असतं, हे मसुऱ्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अध्यक्ष धनेश प्रभुगावकर, ज्यांचं बाजारात भुसारी दुकान आहे, मला म्हणाले, "गुरुदास, तू मालवणाक विमा कचेरीत कंप्युटरार बसतंस. तुका ह्यां सगळां कळता."

मी कंप्युटरवर बसतो हे खरं. पण विम्याचा हप्ता भरून घेणं आणि नेटवर्कची सुरक्षा सांभाळणं यांत म्हैस धुणं आणि म्हशीचं ऑपरेशन करणं एवढा फरक आहे. तरी मी गेलो. वाचनालयाचा मी सचिव. आणि सचिव हा अध्यक्षांना नकार देण्यासाठी नसतोच.

शिबिर घेणारा विनीत नावाचा तरुण फार गोड बोलणारा होता. त्यानं आम्हाला तत्त्वं सांगितली. कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढेच अधिकार. यंत्रं कुलपात ठेवा. पाहुण्यांचं जाळं वेगळं, कार्यालयाचं वेगळं. परका पेनड्राइव्ह आत घेऊ नका. अनोळखी ईमेल उघडू नका. शेवटचं तत्त्व तो सांगत होता तेव्हा बाहेर सोलकढीची पातेली उतरत होती आणि माझं चित्त खिडकीपलीकडे गेलं होतं. प्रतींबद्दल काहीतरी होतं. प्रमाणपत्राच्या प्रती असतील असं समजून मी मान डोलावली.

परत आल्यावर मी नव्या नजरेनं वाचनालयाकडे पाहिलं आणि हबकलो. वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर, सुविचाराच्या खाली, रंगीत खडूनं लिहिलेला होता. सुविचार रोज बदलायचा. पासवर्ड कधीच नाही. समोरच्या थांब्यावर एसटी उभी राहिली की चालक-वाहकासकट अर्धी गाडी आमच्या वाय-फायवर चढायची. पलीकडच्या सलूनमधला टीव्ही आमच्याच जीवावर सिनेमे दाखवायचा. आणि राऊटर स्वतः खिडकीत, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांच्या शेजारी, देवावर हवाला ठेवून बसला होता.

खरी काळजी मला वाटली ती आतल्या मोठ्या संगणकाची. आमची ग्रंथपाल मथुरा हिनं गेली कित्येक वर्षं वाडी-वाडी फिरून म्हाताऱ्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. फुगडीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, पाळणे, लग्नातले उखाणे. त्यांतल्या बऱ्याच बायका आता नाहीत. त्यांचे आवाज मात्र त्या संगणकात होते, आणि त्या संगणकाचं दार असं सताड उघडं. मथुराला मी हे सांगितलं तेव्हा ती घाबरली. "गुरुभाऊ, तुमी काय तां करा," ती म्हणाली, "पण ह्यां सांभाळा."

एवढं कुणी विश्वासानं म्हटलं की माझ्यासारख्या माणसाच्या अंगात वीर संचारतो.

पहिला वार पासवर्डावर. विनीतनं शिकवल्याप्रमाणे मी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द घेतले, मध्ये आकडे आणि चिन्हं पेरली आणि एक असा पासवर्ड घडवला की स्वतः टाइप करताना माझी जीभ बाहेर यायची. तो मी इथेही सांगणार नाही. आता बदललाय, पण शिस्त ती शिस्त. फळा मी स्वतः पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात मोर्चाच आला. सलूनवाले, थांब्यावरचे, देवळाच्या पारावरचे सगळे. अध्यक्षही होते. प्रत्येकाकडे माझ्यासाठी सल्ला होता. एक म्हणाला, आधीचाच ठेवा, पण उलटा लिहा. दुसऱ्याचं म्हणणं, पासवर्ड काढूनच टाका. चोराला वाटेल इथे काही नसेलच. अध्यक्षांनी सर्वांना शांत करून तोडगा सुचवला.

"पासवर्ड आंगणेवाडीच्या भराडीआयच्या नावाचो ठेय. चोराचो हात थरथरतलो."

"अवो अध्यक्ष, चोर परदेशात बसलेलो असता. तेका भराडीआय काय म्हायत?" मी म्हटलं.

"जत्रेक ये म्हणून सांग. कळात."

मी कुणालाही पासवर्ड दिला नाही. छाती पुढे काढून कचेरीत गेलो. संध्याकाळी परतलो तर पारावरची सगळी मंडळी खाली माना घालून आपापल्या फोनमध्ये गर्क. वाय-फाय सुसाट चाललेलं. आणि घरात सुरमई तळल्याचा वास.

विनीतनं बजावलं होतं की पासवर्ड यंत्रातून कमी आणि माणसांकडून जास्त चोरले जातात. गोड बोलून, विश्वास संपादन करून. पण ही गोष्ट माझ्या स्वयंपाकघरात घडेल असं त्यानं सांगितलं नव्हतं.

"सुभद्रे, पासवर्ड तू दिलंस?"

"सीतेक दिलंय," माझी पत्नी शांतपणे तुकडी उलटत म्हणाली. सीता म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी. "तिची लेक दोडामार्गाक दिलेली. तिचा तोंड बघूक व्हया हुता सीतेक फोनार. तुमका दया-माया आसा काय नाय?"

"आणि ही सुरमई?"

"ती तिना आपल्या मनान ठेयल्यान."

"पण तुला पासवर्ड कुठे मिळाला?"

"तुमी झोपेत पुटपुटतास."

ती सुरमई मी खाल्ली. तत्त्वाचा प्रश्न असला तरी सुरमईचा त्यात काय दोष?

तेव्हा मला तिसऱ्या की चौथ्या तत्त्वाची आठवण झाली: पाहुण्यांचं जाळं वेगळं. हे म्हणजे घराला ओटी वेगळी आणि माजघर वेगळं तसं. लोकांनी ओटीवर बसावं, माजघरात मथुराचा संगणक सुरक्षित. मोठ्या हिकमतीनं मी राऊटरमध्ये दोन जाळी केली आणि लोकांच्या जाळ्याला नाव दिलं 'पाहुणे'. पासवर्ड सोपा, पुन्हा फळ्यावर. सगळ्यांना वाय-फाय मिळालं. आता तरी आभार मानतील या आशेनं मी थांब्यापाशी चक्कर मारली.

"आमी पाहुणे?" पारावरून एकानं विचारलं. "ह्या वाचनालयाक जागा माझ्या आजयान दिल्यान. आणि मी पाहुणो?"

वाद ग्रामपंचायतीपर्यंत गेला. शेवटी मी लोकांच्या जाळ्याचं नाव बदलून 'घरचे' केलं, आणि वाचनालयाच्या खऱ्या, आतल्या, अतिगोपनीय जाळ्याचं नाव 'पाहुणे'. त्यामुळे झालं असं की सर्व सुरक्षाव्यवस्थेत आमचं वाचनालय हेच एकटं पाहुणं ठरलं.

मग अधिकारांचं तत्त्व. मी प्रत्येकाचं वेगळं खातं केलं. मथुराला गाणी साठवण्याचे आणि ऐकवण्याचे अधिकार, वाचकांना फक्त पुस्तकं शोधण्याचे, अध्यक्षांना अहवाल पाहण्याचे. नवीन काही बसवणं, काढणं, बदलणं हे अधिकार फक्त एका खात्याला, आणि ते माझं. कुणीतरी एक लागतोच. अध्यक्षांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी अध्यक्ष, आणि माका नुसतां बघूचो अधिकार?"

"अध्यक्ष, ह्यां तुमच्याच भल्याक. तुमचा काम तेवढाच."

"माझा काम तेवढाच! आयकलास काय रे?" त्यांनी रिकाम्या सभागृहाला साक्षीला घेतलं. दोन सभा या विषयावर झाल्या. पहिलीत ते उठून गेले, दुसरीत मी. अखेर युक्ती मलाच सुचली. त्यांच्या खात्याचे अधिकार आहे तेवढेच ठेवले, फक्त खात्याचं नाव 'सर्वोच्च नियंत्रक' केलं. ते इतके खूश झाले की त्यांनी दुकानातून खडीसाखर आणून वाटली. पुढे ते रोज येऊन लॉगिन करायचे, स्वतःचं नाव पाहायचे आणि लॉगआउट करून दुकानात जायचे.

राऊटर कुलपात ठेवण्याचं तत्त्व मी कसोशीनं पाळलं. वाचनालयात एक जाडजूड लोखंडी कपाट आहे. राऊटर त्यात ठेवून कुलूप लावलं. त्या क्षणी 'घरचे' आणि 'पाहुणे' दोघंही गावातून नाहीसे झाले. लोखंडातून लहरी बाहेर पडत नाहीत, हे मला दहावीला शिकवलं असणार. पण ते लक्षात यायच्या आधी मी इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावून तक्रार नोंदवून बसलो होतो, आणि त्यातून एक नवंच लफडं निघालं.

फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सर, हे कनेक्शन सत्यवान यांच्या नावावर आहे. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी गेला आहे. तो सांगा."

"मॅडम, सत्यवान आमचे आधीचे सचिव. ते वारले."

"सॉरी सर. मग त्यांना एकदा कार्यालयात ओळखपत्र घेऊन यायला सांगा."

"मॅडम, ते वारले."

"मग त्यांचं संमतीपत्र चालेल."

सत्यवानाला परत आणायचं तर सावित्रीच पाहिजे. आणि हे मी रचून सांगत नाही, त्यांच्या पत्नीचं नाव खरोखरच सावित्री. त्या आता तळेऱ्याला लेकीकडे राहतात. फोन केला तर कळलं की सत्यवानांचा नंबर त्यांनी चालू ठेवला आहे. मी स्कूटरवर तळेऱ्याला गेलो. सावित्रीवहिनींनी आधी चहा दिला, मग पोहे, मग तो फोन एका स्वच्छ रुमालातून काढून आणला.

"कित्याक चालू ठेयलास, वहिनी?" मी न राहवून विचारलं.

"अजून कोणाकोणाचे फोन येतत. गेल्याचा ठावक नसता तेंका. 'सत्यवान आसा?' म्हणान इचारतत. बरां वाटता."

मी मदतकेंद्राला पुन्हा फोन लावला. ओटीपी आला तेव्हा वहिनींचा चष्मा सापडेना, चष्मा सापडला तेव्हा ओटीपीची मुदत संपली; असं पुन्हा पुन्हा झालं. पण मी चिडलो नाही. कनेक्शन वाचनालयाच्या नावावर झालं आणि निघताना वहिनींनी माझ्या हातात कोकम सरबताची बाटली ठेवली. वाटेत मला आठवलं की कपाटाचं दार उघडलं असतं तरी काम झालं असतं. पण मग ही भेट झाली नसती.

राऊटर शेवटी भिंतीवर उंच, जाळीच्या पेटीत बसवला.

राहिला पेनड्राइव्ह. मी संगणकांची सगळी भोकं चिकटपट्टीनं बंद केली आणि दारावर पाटी लावली: 'गाण्यांची प्रत कोणालाही मिळणार नाही. हुकुमावरून, सचिव.' लोक यायचे, विशेषतः लेकी. कुणी म्हणायची आईचा पाळणा द्या, कुणी आजीची ओवी. मी समजावून सांगायचो की हा ठेवा गावाचा आहे, बाहेर गेला तर कुणीही त्याचं काहीही करील. मथुरा तेव्हा पुस्तकांच्या मांडणीकडे तोंड करून उभी राहायची. ती माझ्या कडकपणाचं मनोमन कौतुक करते आहे, असा माझा समज होता.

विनीतनं मध्ये एकदा फोन करून विचारलं होतं, "सर, बॅकअप घेताय ना?" तेव्हा मला ते प्रतींचं तत्त्व उमगलं. लगेच वेगळी हार्डडिस्क घ्यायचा ठराव मांडला. पण नियमाप्रमाणे निरनिराळ्या दुकानांची दरपत्रकं हवी होती. दोन आली. तिसरा दुकानदार म्हणायचा, "घ्यायची तर घ्या, कागद कसले मागता?" दरपत्रकाच्या नादात दिवस गेले.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली आणि गावात लगबग सुरू झाली. जत्रा जवळ आली की आमच्याकडे अंगणं सारवली जातात, मुंबईचे लोक सुट्ट्या टाकतात आणि मोबाइलची रेंज गर्दीत सापडलेल्या म्हाताऱ्यासारखी गुदमरते. अशा दिवसांत वाचनालयाच्या वाय-फायवर गावाची भिस्त. मी मोठ्या अभिमानानं सकाळी लवकर जाऊन यंत्रणा तपासायला बसलो. मोठ्याच संगणकावर ईमेल उघडली. पहिलंच पत्र: 'अनूदान मंजूरीबाबत. अती तातडीचे.'

शुद्धलेखनाच्या तीन चुका. पण सरकारी पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असणं मला अस्सलपणाचं लक्षण वाटलं. शिवाय अनुदान! हार्डडिस्क, नव्या खुर्च्या, गळणारं छप्पर, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे उभं राहिलं. सोबतची फाइल मी दाबली. संगणकानं विचारलं, या फाइलला बदल करण्याची परवानगी द्यायची का? मथुरानं ती दाबली असती तर संगणकानं नाही म्हटलं असतं. सर्वोच्च नियंत्रकांनी दाबली असती तरी नाहीच म्हटलं असतं. साऱ्या वाचनालयात 'होय' म्हणायचा अधिकार एकाच गाढवाला होता, आणि ते गाढव खुर्चीवर बसून अनुदानाची स्वप्नं पाहत होतं.

पडदा लाल झाला. इंग्रजीत मजकूर आला की तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी तर खंडणी द्या.

मी आधी इंटरनेटची तार उपटली. मग गाण्यांचा कप्पा उघडून पाहिला. नावं होती, पण एकही गाणं वाजेना. प्रत्येक फाइल म्हणजे गच्च मिटलेलं तोंड.

मथुरा आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. मी पडद्याकडे बोट दाखवलं. तिनं बराच वेळ ते इंग्रजी वाचलं आणि मग पदराच्या टोकानं पडद्यावरची धूळ पुसली, जणू धुळीमुळेच हे झालं असावं.

"सगळी?" तिनं विचारलं.

"सगळी."

मी त्यानंतर जे जे केलं ते सांगण्यात विशेष नाही. मालवणला पोलिसांकडे तक्रार द्यायला गेलो. तिथल्या साहेबांना मी स्वतःच सुरक्षाप्रमुख असल्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. "पैसे देऊ नका," ते म्हणाले, "दिले तरी फाइल परत मिळतील याचा भरवसा नाही. तुम्ही लगेच तार काढलीत हे उत्तम केलंत." त्या दिवशी मला कुणी उत्तम म्हटलेलं तेवढंच. विनीत ओरोसहून आपला सुट्टीचा दिवस मोडून आला, संगणक पुसून नव्यानं उभा केला. बॅकअपबद्दल विचारलं आणि माझा चेहरा पाहून पुन्हा तारा जोडायला लागला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण तेवढंही त्यानं केलं नाही.

घरी सुभद्रेनं जेवायला वाढलं. मी म्हटलं, "उद्या सचिवपदाचा राजीनामा देतो."

"खुशाल देवा राजीनामो," ती म्हणाली, "पण आधी मथुरेक भेटा. दुपारपासून दोनदा येऊन गेली."

सकाळी वाचनालयात गेलो. मथुरा दारातच उभी होती, बोटांनी पदराला पीळ घालत.

"गुरुभाऊ, रागाव नकात. एक सांगूचा आसा."

"बोल."

"तुमी प्रत कोणाक देव नको म्हणालास. मी देवक नाय. फक्त लेकी येत, तेंका एकदा आयकवी. आता आयकताना कोणी आपलो फोन समोर धरलो, तर मी काय करू? माका फोन बंद करूचो अधिकार तुमी खंय दिल्लास?"

"किती जणींनी धरला?" मी विचारलं.

"सगळ्यांनी," मथुरा म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

मी राजीनामा खिशातच ठेवला. पुढचे दिवस जत्रेचे होते आणि जत्रेला कोण कुठून येत नाही? ठाण्याहून, डोंबिवलीहून, पणजीहून लेकी माहेरी आल्या. धनेश प्रभुगावकरांनी आपल्या दुकानावर फळा लावला: 'ज्यांच्या फोनात मसुऱ्याची गाणी आसत, त्यांनी वाचनालयात येवचा.' खाली सही, 'सर्वोच्च नियंत्रक.' त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. उलट जो येईल त्याला स्वतः चहा दिला, आणि आमच्या भांडणानंतर हे करायला मन मोठं लागतं.

रांग लागली. मी दाराशी विनीतनं दिलेला तपासणीचा संगणक घेऊन बसलो आणि प्रत्येक फोन आधी तपासूनच आत सोडला. लोक म्हणाले, "मेल्या, अजून तुझा ह्यां संपाक नाय?" मी म्हटलं, नाही. आता तर मुळीच नाही.

पण काय काय परत आलं! मूळ ध्वनिमुद्रणं स्वच्छ होती; मथुरानं पंखे बंद करून, कोंबड्या हाकलून केलेली. परत आलेल्या प्रतींत सगळं जग शिरलं होतं. एका ओवीच्या मागे एसटीचा हॉर्न. एका पाळण्यात ऐकणाऱ्या लेकीचं हुंदके देणं. एका उखाण्यावर वाचनालयातलीच कुणी खो खो हसलेली. सीतेनं आपल्या दोडामार्गच्या लेकीला फोनवरून गाणं ऐकवलं होतं, आणि त्या लेकीनं तिकडे ते नोंदून ठेवलं होतं, त्यात मधेच सीता विचारते, "आयकाक येता गो?" आणि गाणारी म्हातारी, जी कधीच गेली, जणू तिलाच उत्तर दिल्यासारखी पुढचं कडवं उचलते. सावित्रीवहिनी तळेऱ्याहून स्वतः आल्या. त्यांच्या सासूबाईंच्या ओव्या सत्यवानांच्या त्याच फोनमध्ये होत्या. ध्वनिमुद्रण होताना तेही तिथे बसले असावेत, कारण शेवटी आईला सांगणारा त्यांचा आवाज येतो: "आवशी, पाणी पी आता." वहिनींनी तेवढंच पुन्हा वाजवायला सांगितलं. मथुरानं वाजवलं. मी दारातला पंखा बंद केला.

जत्रा झाली. भराडीआयचं दर्शन घेऊन मी देवीपुढे नुसता हात जोडून उभा राहिलो. मागायचं काही सुचलंच नाही.

परत आलेली गाणी मथुरानं लावून घेतली तेव्हा एकच जागा रिकामी राहिली. हौसाबाईंची. वाडीतल्या सर्वांत जुन्या फुगडी म्हणणाऱ्या, ऐंशी केव्हाच ओलांडलेल्या. त्यांनी आपलं गाणं कुणाला फोनवर घेऊच दिलं नव्हतं. म्हणायच्या, फोनात माझो आवाज फुटक्या मडक्यासारखो येता. हे त्यांना सांगायचं कोणी? अर्थात मी. मथुरा सोबत आली.

हौसाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, ईमेल, अनुदान, लाल पडदा, एकही गोष्ट न लपवता. त्या निवडत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे माझा गाणा गेला?"

"गेला, आजये. माझ्यामुळे."

"आणि मी खंय गेलंय?"

"म्हणजे?"

"मी जिती आसंय मां? मग रडतंस कित्याक? चोरान गाणा नेल्यान, गळो नेवक नाय. मथुरे, तुझा ता यंत्र हाड. आणि शेजारणींका हाक मार. फुगडी काय एकट्यान घालतत?"

दुपारी त्यांचं अंगण भरलं. मथुरानं माइक लावला. कोंबड्या हाकलल्या नाहीत. हौसाबाई पाटावर बसल्या, बाकीच्या बायका जोड्या लावून उभ्या राहिल्या. सुभद्रा त्यांत होती, सावित्रीवहिनीही पदर खोचून तयार. हौसाबाईंनी जुनं गाणं उचललं. आवाज कापत होता, पण ठेका पक्का. जुनी कडवी संपली. बायका थांबणार, तोच त्यांनी माझ्याकडे मान वळवली, डोळे बारीक केले आणि तिथल्या तिथे रचलेलं म्हणाल्या:

"गुरुभावान लायल्यान कुलूप, खिडकी ऱ्हवली उघडी गो,
चोरान नेली गाणी तरी, आमी घातली फुगडी गो!"

बायकांनी ते झेललं आणि असा काही फेर धरला की अंगणातली धूळ उडाली. सर्वांत मोठ्यानं माझी बायको म्हणत होती. अध्यक्ष कुंपणापलीकडे उभे राहून टाळ्या देत होते. माझे कान तापले.

गाणं संपल्यावर मथुरानं यंत्र बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "गुरुभाऊ, शेवटचा कडवा काढून टाकू? तो अधिकार तुमचोच आसा."

मी अंगणात पाहिलं. हौसाबाई धापा टाकत पाणी पीत होत्या आणि दात नसलेल्या तोंडानं माझ्याकडे बघून हसत होत्या.

"ठेव," मी म्हटलं. "आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे फोन आहे, त्या सगळ्यांना पाठव."